कऱ्हेकाठचा मयूर

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्काम करते आणि काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, बावडा अशी गावे मागे टाकत सराटीला नीरेच्या काठी पोहोचते. वारकऱ्यांच्या या वाटेला साधारण समांतर अशी पाण्याचीही एक वाट आहे. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन निघालेली कऱ्हा बारामतीला वळसा घालते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची सीमा आखत बावड्याच्या परिसरातून वाहते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. या पाणवाटेवर लहानमोठी अनेक गावे वसली; परंतु मराठी कवितेवर सर्वांत मोठे ऋण आहे ते बारामतीचे. अठराव्या शतकात, जेव्हा बारामती हे कऱ्हेकाठचे एक लहानसे कसब्याचे गाव होते, तेव्हा मोरेश्वर रामजी पराडकर नावाचा एक पुराणिक येथे चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिला. महाराष्ट्र त्यांना मोरोपंत या नावाने ओळखतो. स्वतःच्या कवितेत ते स्वतःला मयूर म्हणवून घेत.

आज बारामती म्हटले की राजकारण, साखर कारखाने, द्राक्षे आणि शिक्षणसंस्था आठवतात. मोरोपंतांचे नाव शालेय पुस्तकातील एखाद्या धूसर आठवणीपुरते उरले आहे. ज्यांची आर्या एकेकाळी कीर्तनकाराच्या ओठी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या पाठात होती, त्या कवीचे चरित्र म्हणूनच पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

पन्हाळगडावरचे बालपण

पराडकरांचे घराणे मूळचे कोकणातले, राजापूरजवळच्या सौंदळचे. कऱ्हाडे ब्राह्मणांचे हे कुटुंब उपजीविकेसाठी घाटावर आले. मोरोपंतांचे वडील रामजीपंत पन्हाळ्यास राहत. त्या काळी पन्हाळा हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राजधानीचे ठिकाण होते. तेथेच १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. पांडवप्रताप आणि हरिविजय घरोघर पोहोचवणाऱ्या श्रीधरस्वामींचे निधनही त्याच वर्षीचे मानले जाते. सोप्या ओवीतून पुराणकथा सांगणारा एक कवी गेला आणि त्याच कथा अगदी निराळ्या, संस्कृतप्रचुर वळणाने सांगणारा दुसरा जन्मला, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय.

पन्हाळगडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोघे विद्वान बंधू होते. त्यांच्यापाशी मोरोपंतांनी व्याकरण, काव्य आणि अलंकारशास्त्र यांचे अध्ययन केले. हे शिक्षण त्यांच्या कवितेचा पाया ठरले. संस्कृतातील शब्दसंपत्ती, समासांची घडण, यमकांची हौस, वृत्तांवरील हुकमत या सगळ्यांचे मूळ गडावरच्या त्या अभ्यासात आहे. गुरूंविषयीची कृतज्ञता त्यांनी पुढे आपल्या रचनांतून जागोजागी व्यक्त केली.

दरम्यान, रामजीपंतांचे बस्तान बारामतीकडे हलले. मोरोपंतही वयाच्या तेविशीच्या सुमारास, म्हणजे १७५२च्या आसपास, बारामतीस आले. पन्हाळ्याची थंड हवा आणि हिरवे डोंगर सोडून कोरड्या, पर्जन्यछायेच्या मुलखात आलेला हा तरुण पुढे या गावाचाच झाला.

नाईकांचा वाडा

मोरोपंतांना बारामतीत आश्रय मिळाला तो नाईकांच्या घरी. बाबूजी नाईक बारामतीकर हे पेशवाईतील एक मातबर सावकार आणि सरदार. मूळचे जोशी, कोकणातील केळशीचे. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिलेली होती. म्हणजे थोरले बाजीराव हे या घराचे व्याही. पण व्याही असले तरी व्यवहार व्याह्यांसारखा गोड राहिला नाही. बाजीराव नाईकांचे कर्जदार होते आणि कर्जाच्या वसुलीवरून दोन्ही घरांत कटुता आली. १७४०मध्ये बाजीरावांचे निधन झाले तेव्हा पेशवेपद बाबूजी नाईकांना मिळावे, असा प्रयत्न नागपूरकर रघुजी भोसल्यांनी केला. छत्रपती शाहूंनी मात्र बाजीरावांचे चिरंजीव बाळाजी, म्हणजेच नानासाहेब, यांना वस्त्रे दिली. बारामतीचा हा सावकार पेशवेपदाच्या इतक्या जवळ जाऊन परतला होता.

नाईकांची ही महत्त्वाकांक्षा राजकारणात फळाला आली नाही. पण त्यांच्या संपत्तीने आणि विद्याप्रेमाने मराठी कवितेचे एक मोठे काम पार पडले. कऱ्हेच्या काठी बुरूज आणि भक्कम तटबंदी असलेला त्यांचा वाडा भुईकोट किल्ल्यासारखा दिसे. या वाड्यात मोरोपंत पुराणिक म्हणून राहिले. पुराणिकाचे काम म्हणजे ठरलेल्या वेळी पोथी उघडून मूळ संस्कृत श्लोक वाचायचे आणि समोर बसलेल्या मंडळींना त्यांचा अर्थ रसाळपणे उलगडून सांगायचा. श्रोत्यांत घरातील स्त्रिया असत, कारकून असत, शिलेदार असत, गावातील शास्त्री आणि भाविकही असत. प्रत्येकाला समजेल, तरीही शास्त्र्याला उणे वाटणार नाही, अशी भाषा बोलावी लागे. मोरोपंतांच्या कवितेचे गुणदोष समजून घ्यायचे तर या रोजच्या पुराणाचा विचार केल्याशिवाय गत्यंतर नाही. संस्कृताचा भारदस्तपणा आणि मराठी घरगुती बोलण्याचा जिव्हाळा या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच आर्येत शेजारी नांदतात, त्याचे कारण त्यांच्यासमोरची ती संमिश्र बैठक होय.

पुणे बारामतीपासून फार दूर नव्हते. पेशव्यांच्या दरबारी विद्वानांना श्रावणमासात दक्षिणा मिळे, मान मिळे. परंतु मोरोपंतांनी आपला मुक्काम कधी हलवला नाही. पत्नी रमाबाई, मुले, घरचा रामाचा देव्हारा, सकाळचे स्नानसंध्या, वाड्यातील पुराण आणि उरलेल्या वेळात लेखन, हा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. याच काळात बाहेर पानिपत घडले, माधवराव पेशव्यांचा उदय आणि अस्त झाला, १७७३मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचे कारस्थान रंगले आणि इंग्रजांशी पहिले युद्ध झाले. मराठी राज्याची उलथापालथ होत असताना बारामतीतील हा पुराणिक रामायण, महाभारत आणि भागवत यांत बुडून गेला होता. कोणी याला जगापासून पळणे म्हणेल. पण भाऊबंदकीने पोखरलेल्या त्या काळात कौरवपांडवांची कथा ऐकणाऱ्या श्रोत्यांना ती केवळ जुनी गोष्ट वाटली असेल, असे मानणे कठीण आहे.

एक कथा, शेकडो रूपे

मोरोपंतांच्या लेखनाचा पसारा पाहिला की आजचा वाचक थक्क होतो. त्यांच्या नावावर लहानमोठ्या अडीचशेहून अधिक रचना आहेत आणि एकूण पद्यसंख्या सुमारे पाऊण लाख मानली जाते. त्यांतील सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे आर्याभारत. महाभारताची अठराही पर्वे त्यांनी सतरा हजारांहून अधिक आर्यांत उतरवली. मूळ लक्षश्लोकी ग्रंथाचा असा आटोपशीर आणि तरीही सलग अवतार एकट्याने मराठीत घडवणे, हे कोणत्याही काळात मोठेच काम ठरले असते.

येथे आर्या या वृत्ताविषयी थोडे सांगायला हवे. आर्या हे मात्रावृत्त आहे. अक्षरांची संख्या ठरलेली नसते. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन अशा मात्रा मोजल्या जातात. पहिल्या ओळीत बारा आणि अठरा मिळून तीस, तर दुसऱ्या ओळीत बारा आणि पंधरा मिळून सत्तावीस मात्रा, ही मूळ आर्या. दोन्ही ओळी तीस मात्रांच्या झाल्या की तिला गीती म्हणतात. मोरोपंतांनी प्रामुख्याने गीतीच लिहिली. पण लोकांनी तिलाही आर्याच म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. दोन ओळींत एक प्रसंग, एक संवाद किंवा एक सुभाषित पूर्ण बसते. ऐकणाऱ्याच्या ध्यानात ते सहज राहते आणि कीर्तनकाराला हवे तेव्हा काढून वापरता येते. ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग, वामनपंडितांचा श्लोक यांच्या बरोबरीने मोरोपंतांच्या आर्येचे नाव घेतले जाऊ लागले, ते या वृत्तावरील त्यांच्या असामान्य प्रभुत्वामुळे.

रामायण तर त्यांनी एकदा लिहून थांबवले नाही. एकशे आठ रामायणे रचण्याचा संकल्प त्यांनी केला आणि त्यांतील बहुतेक आजही उपलब्ध आहेत. प्रत्येकाची घडण निराळी. निरोष्ठरामायणात प, फ, ब, भ, म यांसारखी ओठांनी उच्चारली जाणारी अक्षरे टाळली आहेत. आता राम या नावातच ओष्ठ्य अक्षर आहे, हे लक्षात घेतले की कवीने स्वतःपुढे केवढे कोडे घातले होते ते कळते. मंत्ररामायणात रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे पद्यांतून गुंफलेली आहेत. या रचनांना केवळ शब्दांची कसरत म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण जप करणारा भक्त जसा एकच नाम माळेच्या एकशे आठ मण्यांवर फिरवतो, तसाच मोरोपंतांनी रामकथेचा जप केला, असे पाहिले तर त्या कसरतीमागची श्रद्धा दिसते.

त्यांच्या लेखणीची दुसरी बाजूही आहे. कृष्णविजय, हरिवंश, प्रल्हादविजय अशा आख्यानकाव्यांत कथेचा वेग आहे, संवाद आहेत, विनोदही आहे. सीतागीत, रुक्मिणीगीत, सावित्रीगीत अशा रचना त्यांनी स्त्रियांसाठी साध्या, गेय भाषेत केल्या. सन्मणिमालेत संतांचे स्मरण केले. प्रकांड संस्कृतज्ञ म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी माजघरात म्हटली जाणारी गीतेही लिहिली, ही गोष्ट त्यांच्यावरील टीका वाचताना सहसा विसरली जाते.

मोराची हाक

मोरोपंतांचे सर्वांत उत्कट काव्य मात्र आकाराने लहान आहे. केकावलीत एकशे वीसहून थोडेच अधिक श्लोक आहेत आणि ते पृथ्वी वृत्तात बांधलेले आहेत. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाला पाहून मोर जसा आर्ततेने ओरडतो, तसा हा मयूर परमेश्वराला हाका मारतो. आयुष्याच्या उत्तरार्धातील ही रचना आहे. भारत आणि रामायण सांगताना कवी कथेच्या आड उभा असतो. येथे तो स्वतः पुढे येतो. आपले अपराध कबूल करतो, देवाशी युक्तिवाद करतो, पूर्वी अनेक पतितांना तारल्याचे दाखले त्याच्यापुढे मांडतो आणि मलाच का थांबवून ठेवले म्हणून लाडिकपणे भांडतोही. सत्संगाची ओढ, नामाची गोडी आणि मृत्यूपूर्वी मन निर्मळ व्हावे ही तळमळ यांमुळे केकावलीतील काही श्लोक प्रार्थना म्हणून शाळांतून आणि घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांचा कर्ता कोण, हे ठाऊकही नसे.

साठीच्या आसपास मोरोपंतांनी काशीयात्रा केली. बारामतीबाहेरचा त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा प्रवास. काशीला विश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी काही वर्षांपूर्वीच, १७८०मध्ये, नव्याने उभारले होते. गंगेच्या दर्शनाने आणि या यात्रेने त्यांच्या कवितेत स्तोत्रांची भर पडली.

त्यांच्या उतारवयातील एक स्नेह फार विलक्षण होता. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे लावणी आणि तमाशा यांत रमलेले, संस्कृत जाणणारे, अत्यंत बुद्धिमान असे कवी. मोरोपंतांचा सहवास आणि त्यांच्या कवितेचा ओढा यांमुळे राम जोशी कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी आपल्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गाव पालथे घालत लोकांपर्यंत नेल्या. बारामतीतील वाड्याच्या भिंतींआड लिहिलेली कविता महाराष्ट्रभर पसरली, त्यात या शाहिराचा वाटा मोठा आहे. सोवळ्यातला पुराणिक आणि फडावरचा शाहीर यांचे हे नाते पेशवाईतील समाजाच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना धक्का देणारे आहे.

१७९४च्या चैत्रात रामनवमीच्या सुमारास मोरोपंतांना ज्वर आला. आजारातही त्यांचे नामस्मरण आणि रचना सुरू होत्या, असे सांगतात. चैत्री पौर्णिमेला, १५ एप्रिल १७९४ रोजी, बारामतीतच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे अवघ्या चोवीस वर्षांत पेशवाई संपली आणि त्यांच्या कवितेला पोसणारी वाड्यांची, पुराणांची आणि आश्रयदात्यांची व्यवस्थाही मोडली.

कवी की शब्दकारागीर?

पेशवाई गेली तरी मोरोपंत गेले नाहीत. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादित केलेला नवनीत हा काव्यवेचा प्रसिद्ध झाला आणि शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी मोरोपंत या पुस्तकातून वाचले. वाड्यातील आर्या आता वर्गात आली. त्याचबरोबर एक वादही आला. इंग्रजी कविता वाचलेल्या नव्या रसिकांना मोरोपंतांची यमके, लांबलचक समास आणि चमत्कृती खटकू लागली. हे भाषांतरकार आहेत, शब्दांचे कारागीर आहेत, कवी नव्हेत, असा आक्षेप घेतला गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले आणि त्यांची बाजू जोरकसपणे मांडली. पुढे ल. रा. पांगारकरांनी त्यांचे चरित्र आणि काव्यविवेचन सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घराण्यातीलच रा. द. पराडकर यांनी समग्र ग्रंथांचे प्रकाशन हाती घेतले. एका लहान गावातील पोथ्यांचे दप्तर अशा रीतीने छापील स्वरूपात महाराष्ट्राच्या हाती आले.

वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. मोरोपंतांच्या पाऊण लाख पद्यांतील सगळीच सारख्या तोलाची नाहीत. काही ठिकाणी यमकासाठी अर्थ वाकवलेला दिसतो, काही ठिकाणी पांडित्य रसाला झाकून टाकते. हे मान्य करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या काळात छापखाना नव्हता आणि पोथी लिहून घेणे सामान्यांना परवडत नव्हते, त्या काळात स्मरणात राहील अशा दोन ओळींच्या घाटात त्यांनी अवघे महाभारत बसवून दिले. कीर्तनकारांनी ते उचलले आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत नेले. ज्ञानाचा हा पाट वाड्यातून निघून शिवारापर्यंत गेला, हे त्यांचे खरे कर्तृत्व.

उरलेल्या खुणा

त्यांच्या निधनानंतर सुमारे नव्वद वर्षांनी नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि बारामतीचे रूप पालटले. कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. कसब्याचे गाव शहर झाले. जुन्या तालुक्याचे भीमथडी हे नाव मागे पडले. नाईकांच्या वाड्यात दीर्घकाळ सरकारी कचेऱ्या थाटलेल्या होत्या. ज्या चौकात पुराण रंगे, तेथे अनेक वर्षे दाखले आणि उतारे मागणाऱ्यांची गर्दी असे. अलीकडच्या काळात कचेऱ्या नव्या इमारतीत गेल्या आणि वाड्याच्या जतनाकडे लक्ष दिले जाऊ लागले, ही समाधानाची बाब. कऱ्हेकाठची सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर ही मंदिरे आजही उभी आहेत. शहरातील संस्थांना मोरोपंतांचे नाव दिलेले आढळते.

परंतु कवीचे खरे स्मारक वास्तूत नसते. नाव फलकावर आहे आणि आर्या कोणाच्याच तोंडी नाही, अशी स्थिती आली तर वाड्याचा प्रत्येक दगड नीट बसवूनही काही तरी हरवलेलेच राहील. नारदीय कीर्तन करणारी मंडळी कमी झाली, पाठांतराची सवय गेली, वृत्ताचे नाव विचारले तर पदवीधरही गोंधळतात. मोरोपंतांची भाषा अवघड आहे खरी. पण ती आपल्याला अवघड वाटते, याचा दोष सगळा त्यांच्या पदरी टाकता येणार नाही. निरक्षर श्रोत्यांनी जी कविता ऐकून समजून घेतली, ती साक्षरांना जड जावी, यात आपल्याच एका तुटलेल्या सवयीची कहाणी आहे.

बारामतीहून कऱ्हेच्या पाण्याबरोबर खाली निघावे, सोनगावचा संगम ओलांडावा, बावड्यावरून नीरा नरसिंहपूर गाठावे. प्रल्हादाने वाळूची नृसिंहमूर्ती घडवून पूजिली ती हीच जागा, अशी तेथील श्रद्धा आहे. त्याच प्रल्हादाची कथा मोरोपंतांनी बारामतीत बसून लिहिली. पाऊस चांगला झाला की कऱ्हेचे पाणी आजही त्या संगमापर्यंत आणि पुढे पंढरपूरपर्यंत पोहोचते. त्या वाटेवरच्या एखाद्या देवळात, कीर्तनाच्या रात्री, कोणी एक आर्या नीट चालीवर म्हटली आणि समोरच्या चार जणांना तिचा अर्थ उलगडून सांगितला, तर बारामतीच्या त्या पुराणिकाचे काम अजून संपलेले नाही, असे म्हणता येईल.